दोनदा ‘नाही’ म्हणा की!

स्पॅनिशच्या क्लासमध्ये पहिले काही आठवडे ‘ओला’, ‘ग्रासिआस’ करत मजेत जातात. मग एक दिवस फळ्यावर येतं, ‘नो तेंगो नादा’. म्हणजे ‘माझ्याकडे काहीच नाही’. ‘नो’ हा नकार, ‘नादा’ हाही नकार. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, ‘सर, दोन निगेटिव्हचं पॉझिटिव्ह होतं ना?’

होतं, पण गणितात. भाषेतला हा नियम आपण इंग्रजीच्या तासाला शिकलो आणि सगळ्या जगाला लावून मोकळे झालो. खुद्द चॉसर आणि शेक्सपिअर दोन-दोन नकार बिनदिक्कत वापरत. स्पॅनिशमध्ये तर नियमच आहे : क्रियापदानंतर नादा (काही नाही), नादिए (कोणी नाही) किंवा नुन्का (कधीच नाही) आलं, की आधी ‘नो’ हवाच.

आता जरा मराठीत बोलून बघा. ‘कोणीच येत नाही.’ ‘कोणीच’ ऐकलं की आपला कान पुढच्या ‘नाही’ची वाट बघतो. ‘नो बिएने नादिए’ला हीच सवय कामी येते. फक्त एक मेख आहे. ‘नादिए’ आधी आला की ‘नो’ गळतो : ‘नादिए बिएने’. तिथे मात्र मराठी जिभेला आवर घालायचा.

आवडीनिवडीतही तेच. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे शब्दशः ‘मला कॉफी आवडते’. इंग्रजीत आवडून घेणारा ‘मी’ कर्ता होतो. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये क्रियापद कॉफीच्या मागे जातं. यावर ‘मलापण’ म्हणायचं तर ‘आ मी ताम्बिएन’. पण समोरचा ‘मला नाही आवडत’ म्हणाला आणि तुमचंही तेच मत असेल, तर ‘ताम्बिएन’ चालत नाही. तिथे ‘आ मी ताम्पोको’, मलापण नाही. होकारातला ‘पण’ वेगळा, नकारातला वेगळा. घोकत बसू नका, कॅन्टीनमध्ये मित्राशी वाद घालत बोला.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. ‘आपलं इंग्रजीच कच्चं, स्पॅनिश काय जमणार?’ असं म्हणत मराठी माध्यमातली कितीतरी मुलं फॉर्मच भरत नाहीत. २० देशांच्या या भाषेचं दार इंग्रजीतूनच उघडतं, हा समज आपणच करून घेतलाय. क्लासमधलं पुस्तक इंग्रजीत असेल, असू दे. वहीच्या समासात अर्थ मराठीत लिहा. शिकवणाऱ्यांनीही फळ्यावर एखादं मराठी वाक्य लिहायला लाजू नये. ज्या मुलाला इंग्रजीत डबल निगेटिव्हसाठी लाल शेरा मिळाला, तोच इथे पहिल्या फटक्यात बरोबर येऊ शकतो.

तेव्हा फॉर्म भरा. आणि कोणी ‘ग्रासिआस’ म्हटलं, तर ‘दे नादा’ म्हणा. म्हणजे आपलं, ‘त्यात काय एवढं!’