विश्लेषण : ट्रक पावसाळाभर उभा, तरी उत्पन्न धरलं जातं! छोट्या ट्रकमालकाचा आयकर ठरतो कसा?

मांडव्याला मुंबईकर बोटीने येतात. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाल्यापासून तर गाडीसकट येतात. पण इथल्या बंगल्यांना लागणारी खडी, सिमेंट, चिरा ट्रकनेच येतात. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात आणि ट्रक दारात उभे राहतात. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आयकराचा हिशोबही थांबत नाही.

डिझेल, टोल, टायर, ड्रायव्हरचा भत्ता, वाटेतलं पंक्चर... या सगळ्याच्या पावत्या जपल्या की करात वजावट मिळते, असा अनेकांचा समज असतो. एक-दोन ट्रकच्या मालकाला मात्र या पावत्यांचा बहुतेकदा उपयोगच होत नाही.

असं का?

वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या मालकाला अंदाजित उत्पन्नाची पद्धत निवडता येते. १९६१ च्या आयकर कायद्यातलं हे कलम ४४एई. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण ही पद्धत राहिली.

यात खर्च विचारलाच जात नाही. एकूण वजन १२ टनांपर्यंत असलेल्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरलं जातं. त्यावरच्या गाडीला दर टनामागे महिन्याला १,००० रुपये. प्रत्यक्ष कमाई यापेक्षा जास्त असेल तर ती दाखवावी लागते. डिझेल, कर्जाचं व्याज, घसारा, सगळं यातच वजा झालं असं कायदा मानतो. २०१८ च्या अर्थसंकल्पाआधी मोठ्या ट्रकलाही सरसकट ७,५०० चाच दर होता.

आरसी बुकवर २८.५ टन वजन असलेला दहा-चाकी ट्रक घेऊ. महिन्याला २८,५०० म्हणजे वर्षाला ३ लाख ४२ हजार. गाडी किती महिने धावली हे इथे बघत नाहीत, किती महिने मालकीची होती हे बघतात. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने उभ्या ट्रकवरही १ लाख १४ हजार रुपये 'कमावले' असं धरलं जातं.

मग कर किती बसतो?

गंमत इथे आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनुसार १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. त्यामुळे असे तीन ट्रक (१० लाख २६ हजार) असले आणि दुसरं उत्पन्न नसलं, तर कर शून्य. चौथा ट्रक आला की उत्पन्न १३ लाख ६८ हजार होतं आणि उपकरासह ८८,६०८ रुपये भरावे लागतात.

खरा नफा यापेक्षा कमी असेल तर? तसं दाखवता येतं, पण मग हिशोबाची पुस्तकं आणि लेखापरीक्षण दोन्ही आलं. सीएची फी धरता एका ट्रकसाठी हे क्वचितच परवडतं. या वाटेने जाणाऱ्याने रोखीचं भान ठेवायचं : एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांहून (मालवाहू गाडीच्या भाड्यापोटी असेल तर ३५,००० रुपयांहून) जास्त रोख दिली, तर तो खर्च धरला जात नाही. फास्टॅगचं स्टेटमेंट टोलचा आयता पुरावा असतं.

दंडाचं काय? कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड पुस्तकं ठेवूनही वजा होत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानविरोधात संप केला, त्या रागाला हीही बाजू आहे. हा पैसा थेट खिशातून जातो. रस्त्यावरच्या चिरीमिरीबद्दल तर बोलायलाच नको.

कर शून्य असला तरी एक कागद मात्र विसरू नये. दहा किंवा त्याहून कमी ट्रक असल्याचं लेखी घोषणापत्र पॅनसह दिलं, तर कंत्राटदार भाड्यातून टीडीएस कापत नाही. पॅनच दिला नाही तर २० टक्के कापला जाऊ शकतो. हप्ते चालू असलेल्या माणसासाठी ही रक्कम वर्षभर अडकणं महागात पडतं.

आणि पगारी ड्रायव्हर?

त्याला डिझेल-टोलची वजावट नाही, कारण तो खर्च त्याचा नाहीच. जुन्या करप्रणालीत वाहतूक व्यवसायातल्या कर्मचाऱ्याला, दैनिक भत्ता मिळत नसेल तर, प्रवासातल्या वैयक्तिक खर्चाच्या भत्त्यापैकी ७० टक्के, महिन्याला कमाल १०,००० रुपये, करमुक्त होते. नव्या प्रणालीत ही सवलत नाही. पण पगारदाराला प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत करच नसल्याने त्याचं फारसं बिघडत नाही.

अडचण वेगळीच आहे. मालक फेरीची खर्ची आता यूपीआयने ड्रायव्हरच्या खात्यात टाकतात. ते ड्रायव्हरचं उत्पन्न नव्हे, पण पासबुकात पगाराशेजारी तीही जमाच दिसते. उद्या कोणी विचारलं तर कोणत्या फेरीला किती आले आणि पंपावर किती गेले, हे दाखवायला ड्रायव्हरकडे स्वतःची वही लागते.