भयाच्या राज्यात न्यायाची कसोटी

युद्ध संपले की शांतता नांदू लागते, हा समज भोळेपणाचा आहे. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले आणि पुढच्याच वर्षी लोकशाहीचा अभिमान मिरविणाऱ्या अमेरिकेला भयाने ग्रासले. महागाई भडकली होती. १९१९ साली सुमारे ४० लाख कामगारांनी संप केले. रशियात बोल्शेविकांची सत्ता आलेली होती. २ जून १९१९ च्या रात्री अनेक शहरांत बॉम्ब फुटले. त्यांतील एक खुद्द ॲटर्नी जनरल पामर यांच्या घरी फुटला. अपराध घोर होता, यात शंका नाही. परंतु अपराधी हाती लागेनात, तेव्हा सरकारने परक्यांना धरण्यास आरंभ केला.

परक्यांनाच का? नागरिकाला शिक्षा द्यावयाची तर ज्यूरीपुढे पुरावा मांडावा लागे. नागरिकत्व न मिळालेल्या स्थलांतरिताला मात्र १९१८ च्या कायद्यान्वये, केवळ अमुक संघटनेचा सभासद म्हणून, खात्याच्या हुकमाने हद्दपार करता येई. डिसेंबर १९१९ मध्ये २४९ जणांना ‘बफर्ड’ बोटीतून घालवून देण्यात आले. २ जानेवारी १९२० रोजी तीसहून अधिक शहरांत धाडी पडल्या आणि हजारो माणसे कोंडली गेली. कित्येकांना वॉरंटही दाखविले गेले नाही.

या उन्मादात मजूर खात्याचे एक अधिकारी स्थिर राहिले. लुई पोस्ट हे त्यांचे नाव, वय सत्तरीचे. हद्दपारीचा अंतिम अधिकार त्यांच्या खात्याकडे होता. त्यांनी एकेक कागद स्वतः वाचला. अनेकांना आपण कशाचे सभासद आहोत हेच ठाऊक नव्हते, असे त्यांना आढळले. हजाराहून अधिक वॉरंटे त्यांनी रद्द केली. त्यांना पदच्युत करण्याचा घाट घातला गेला. पण मे १९२० मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांनी दिलेल्या उत्तरांनी विरोधक निष्प्रभ झाले. १ मे १९२० रोजी क्रांती उसळेल, हे पामर यांचे भाकीतही खोटे ठरले.

भय ओसरले, पण त्याने रुजविलेला परक्यांविषयीचा संशय मावळला नाही. १९२४ च्या कायद्याने इटली व पूर्व युरोपातील लोकांस दार जवळजवळ बंद झाले, आशियातील लोकांस तर पुरतेच. राष्ट्रवार प्रमाण ठरविणारी ती पद्धत १९६५ पर्यंत टिकली. भय क्षणिक असते. भयाने केलेला कायदा पिढ्यान्‌पिढ्या छळतो, हा यातील खरा धडा होय.

कोणी म्हणेल, राष्ट्राने स्वतःचे रक्षण करू नये काय? अवश्य करावे. परंतु बॉम्ब टाकणारा हात शोधणे हे रक्षण आहे; त्याच्या भाषेच्या, देशाच्या वा मताच्या सर्वांस अपराधी ठरविणे हे रक्षण नव्हे. माणसाची पारख त्याच्या कृतीवरून न करता जन्मावरून करणे म्हणजे काय, हे ज्यांच्या पूर्वजांनी गावकुसाबाहेर राहून भोगले, त्यांना निराळे सांगावयास नको. म्हणूनच परक्याविरुद्ध आरोळी उठेल तेव्हा तीत आपला आवाज मिसळू नका. आधी एकच विचारा: या माणसाने केले काय, आणि त्याचा पुरावा कोठे आहे?