काळ्या मातीवरची गाडी

बीएमडब्ल्यूची एम५ विकून मर्सिडीज-एएमजीची ई६३ एस घ्यायची असेल, तर यवतमाळकराने ताकदीच्या आकड्यांकडे पाहूच नये. मागच्या पिढीत पहिलीची अश्वशक्ती ६००, दुसरीची ६१२. शून्यावरून शंभरचा वेग दोन्ही सुमारे ३.४ सेकंदांत गाठतात आणि समृद्धी महामार्गावरही मोटारीला मर्यादा ताशी १२० चीच. खरा फरक गाडीच्या पोटाखाली आहे. आपली काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर चाकाच्या धातूच्या कडेला आणि खड्ड्याच्या काठाला वेगळं ठेवणारं रबर जेमतेम चार-पाच बोटांचं. एम५ ला पोलादी स्प्रिंग, ई६३ ला हवेचं सस्पेन्शन. म्हणून बदलायची तर याच कारणासाठी बदलावी. हवेची यंत्रणा बिघडली की खर्च मोठा, हा आक्षेप रास्तच आहे, आणि नागपूर इथून सुमारे दीडशे किलोमीटर. पण दुरुस्तीसाठी नागपूर एम५ लाही चुकत नाही. कंबरेला रोज बसणारा हादरा मात्र चुकवता येतो.