कच्चे, पक्के आणि मधला महिना

सकाळी कॉलेज भरण्याच्या सुमारास परभणीच्या जिंतूर रस्त्यावर किंवा गंगाखेड रस्त्यावर घटकाभर उभे राहावे. खेड्यांतून येणाऱ्या मोटारसायकलींवर तिघे-तिघे बसलेले दिसतात आणि गाडी ज्याच्या हाती असते त्याला अजून मिसरूडही फुटलेले नसते. लायसन्सचे विचारले, तर ‘अठरा झाले की काढू की, काका’ असे उत्तर मिळते. गाडी आधी, परवाना नंतर, हा आता रिवाजच झाला आहे.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याचे वय अठरा ठरवले. शिकाऊ परवाना, म्हणजे लोकांच्या बोलीतले ‘कच्चे लायसन्स’, सहा महिने चालते. ते हाती येऊन तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. मधल्या काळात पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा, पक्का परवाना असलेला शिकवणारा सोबत घ्यायचा आणि दुचाकीवर त्याच्याखेरीज कुणाला बसवायचे नाही, असा नियम आहे. हा महिना शिकण्यासाठी आहे. पण पोरगा चौदाव्या वर्षीच शेताच्या वाटेवर बापाची गाडी शिकलेला असतो; ब्रेक आणि गिअर त्याला कळतात, वळणावर समोरून येणारा उसाचा ट्रक कळत नाही. मग हा महिना नुसती तारीख येण्याची वाट पाहण्यात जातो. २०२१पासून महाराष्ट्रात कच्च्याची परीक्षा घरबसल्या देता येते. हेलपाटे वाचले हे चांगलेच झाले. शिकणे मात्र वाढले नाही.

कायद्यात सोळाव्या वर्षाची एक पायरी आहे. पालकांच्या संमतीने पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते. ही तरतूद लुनाच्या जमान्यातली. आज पन्नास सीसीची पेट्रोल गाडी शोरूममध्ये दिसत नाही; स्कूटर घ्यावी तर ती शंभर-सव्वाशे सीसीची. पायरी कागदावर राहिली, बाजारातून निघून गेली.

गरज मात्र अठराची वाट पाहत नाही. दहावीनंतर कॉलेज तालुक्याला, शिकवणी पहाटे आणि एसटीची वेळ भलतीच. मानव विकासच्या बस मुलींसाठी आहेत, ते योग्यच. मुलांनी काय करायचे?

२०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा या कलमाची चर्चा घरोघर झाली. पण तिथे हौस होती, इथे नड आहे. नियम दोघांनाही एकच.

बँकेत असताना मी दुचाकींची कितीतरी कर्जे मंजूर केली. सही बापाची आणि चावी पोराच्या हाती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असे. त्या कागदांमागचा धोका बापाला कुणी सांगत नसे, मीही सांगितला नाही. विनापरवाना चालकाकडून माणूस दगावला, तर विमा कंपनीला बहुधा भरपाई द्यावी लागते. पण ती पुढे गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याने ही रक्कम सातबारा विकल्याशिवाय कुठून आणायची?

न्यूझीलंडने १९८७मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला. शिकाऊ आणि पूर्ण यांच्यामध्ये एक मर्यादित परवाना ठेवला. त्यात रात्री उशिरा एकट्याने गाडी चालवण्यावर आणि सोबत मित्र बसवण्यावर बंधन आले. आपल्यालाही अशी मधली पायरी हवी: सोळाव्या वर्षी, कमी वेगाच्या गाडीवर, दिवसा आणि एकट्याने. प्रादेशिक परिवहनची शिबिरे कनिष्ठ महाविद्यालयांच्या आवारात भरावीत आणि त्या तीस दिवसांत खरोखर काही शिकवले जावे. एसटीने कॉलेजची वेळ पाळावी, ही तर फार जुनी मागणी.

तोवर बापाने निदान एक करावे. किल्ली देण्यापूर्वी पोराच्या मागे बसून एकदा गंगाखेडपर्यंत जाऊन यावे. आपण सही कशावर केली, ते त्याला वाटेतच कळेल.