नाला खोल केला, काठाचे काय?

वर्धा जिल्ह्यातील नाल्यांचे काठ पूर चढताना जितके ढासळत नाहीत तितके तो ओसरल्यावर ढासळतात. याचे कारण काळ्या मातीत आहे. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये काठाला समांतर, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात त्या भेगांत पाणी शिरते आणि काठ जड होतो. नाला भरून वाहत असेपर्यंत काठाला पाण्याचाच टेकू असतो. पूर उतरला की टेकू जातो, मातीत मुरलेले पाणी मात्र तसेच राहते. मग भेगेपुढचा सगळा कडा उभ्या कपाशीसह खाली बसतो.

सगळ्या जिल्ह्यात हे सारखे नाही. उत्तरेकडे आर्वी, आष्टी, कारंजा भागात मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम किंवा खडक असतो. पवनारला धाम नदी खडकावरूनच वाहते. खरी अडचण वणा नदीच्या खोऱ्यात, हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात आहे. तिथे काळी माती खोल असून नाल्याला धरून ठेवणारा दगड सहसा हाती लागत नाही. जुलै २०२२ च्या पुरात याच पट्ट्यातली शेती मोठ्या प्रमाणावर खरडून गेली होती.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने आणि २०२३ पासूनच्या त्याच्या दुसऱ्या टप्प्याने नाला खोलीकरण व रुंदीकरणाचे काम गावोगाव नेले. यशोदा नदीच्या खोऱ्यात नाल्यांतला गाळ काढण्याचे काम स्वयंसेवी प्रयत्नांतूनही झाले आहे. गाळ निघाल्यावर नाल्यात पाणी थांबते आणि जवळच्या विहिरींना आधार मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आक्षेप आहे तो काठाचा विचार न करता पोकलेन उतरवण्याला.

वाहते पाणी तळाला व काठाला किती ओरखडते, हे मुख्यतः पाण्याची खोली आणि नाल्याचा उतार यांवर ठरते. दीड मीटर खोल नाल्यात मोठा पूर आला की जादा पाणी बाजूच्या शेतात पसरून मंदावत असे. तोच नाला तीन मीटर खोल केला की तेवढे पाणी नाल्यातच मावते आणि त्याच उतारावर तळावरचा जोर जवळपास दुप्पट होतो. काठाचा पाया कोरला जातो, वरचा भाग लोंबकळत राहतो आणि पुढचे काम भेगा करतात. दुसरा परिणाम कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. मुख्य नाल्याचा तळ खाली गेला की त्याला मिळणाऱ्या लहान ओहोळांच्या तोंडाशी पाणी उंचावरून पडू लागते. पाणी पडण्याची ती जागा दर पावसाळ्यात मागे सरकते आणि खोलीकरण झालेल्या जागेपासून बऱ्याच दूरच्या शेतात घळ तयार होते. त्या शेतकऱ्याला आपल्या घळीचे मूळ कुठे आहे हे कळतही नाही.

निघालेली माती बहुधा काठाच्या अगदी कडेलाच टाकली जाते. आधीच कमकुवत असलेल्या कड्यावर हा ढिगारा ओझे होतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पुन्हा नाल्यात उतरतो. शेतकऱ्यांचीही यात चूक आहेच. धुरा मोडून नाल्याच्या तोंडापर्यंत ट्रॅक्टर फिरवायचा, काठावरची शिंदी, करंज, निर्गुडी आणि लव्हाळा अडचण म्हणून काढायचा आणि शेताचे सगळे पाणी एकाच जागेतून खाली सोडायचे, ही पद्धत झाली आहे.

काठ टिकवायचा तर तो आधी उतरता करावा लागतो. काळ्या मातीत एक मीटर उंचीमागे दीड ते दोन मीटर आडवा उतार हवा. तीन मीटर खोल नाल्यासाठी एका बाजूला साडेचार ते सहा मीटर पट्टी जाते, म्हणजे शंभर मीटर लांबीमागे साडेचार ते सहा आर. इथेच बहुतेकांची ना असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण ही पट्टी न दिल्यास नाला ती आपल्या मर्जीने घेतोच. नदीने पात्र बदलून शेत नेले तर आपत्ती निवारणाच्या २०२२-२६ च्या निकषांनुसार ठरलेली मदत होती हेक्टरी ४७,००० रुपये, म्हणजे आरला ४७० रुपये.

उतारावर वाळा लावणे हा स्वस्त आणि परिचित उपाय आहे. उन्हाळ्यात खसाच्या तट्ट्यांसाठी विदर्भाला ठाऊक असलेले हे गवत दोन-तीन मीटर खोल, सरळ खाली मुळे सोडते. कर्नाटकात म्हैसूरकडचे शेतकरी ते पूर्वीपासून बांधावर लावत आले आहेत, आणि १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी पाणलोटाच्या कामांसाठी त्याचा प्रसार केला. त्याच्या वरच्या अंगाला करंज, बांबू, अर्जुन लावता येतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मात्र गवत पुरत नाही. तिथे पायथ्याशी दगडच भरावा लागतो, आणि ओहोळांच्या तोंडाशी अनघड दगडी बांध हवेत. सरळ उभी काँक्रीटची भिंत फोटोत चांगली दिसते, पण पाण्याचा जोर समोरच्या काठावर किंवा खालच्या शेतावर ढकलते. पूल आणि घरे वाचवण्यापुरतीच ती ठेवावी.

यासाठी नवी योजना नको. खोलीकरणाच्या अंदाजपत्रकातच काठाचा उतार, माती काठापासून दूर टाकणे, वाळ्याची लागवड आणि ओहोळांचे दगडी बांध या बाबी धरल्या जाव्यात. वाळ्याचे ठोंब जूनमध्ये लागतात, त्यामुळे रोपवाटिका फेब्रुवारीतच सुरू व्हायला हवी. लागवड व निगराणी रोजगार हमीतून गावातल्या मजुरांना देता येईल. जिल्हा प्रशासनाने ठेकेदाराच्या देयकाचा शेवटचा हप्ता एक पावसाळा काठ उभा राहिल्यावर, ग्रामसभेसमोर पाहणी करूनच द्यावा.

— एक वाचक, हिंगणघाट (जि. वर्धा)