आनंद देणारी संख्या

आमच्या केदारखेड्यात अजूनही ऐकू येतं, "मुलीला एवढं गणित कशाला?" उत्तरादाखल आम्ही वर्गात फळ्यावर १४२८५७ लिहितो. अंकांची बेरीज २७. संख्येला २७ ने भागलं तर बाकी शून्य! अशा संख्येला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, हे नाव दिलं. आता तिचा वर्ग करा : २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवा. पुन्हा १४२८५७! हीच 'कापरेकर संख्या'. कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. शाळेत शिकवता शिकवता कागद-पेन्सिलीवर त्यांनी हे शोधलं. कागद-पेन्सिल आपल्याही घरी आहे. अम्मी-अब्बांनी ती लेकीच्या हाती द्यावी आणि २७ ने भागून उत्तर किती येतं, ते तिलाच विचारावं.