तीन स्वरसंघ पुरे आहेत

अलीकडे नाशकांतील पुष्कळ घरांत गिटार हें वाद्य येऊं लागलें आहे. मूल आठवीनववींत गेलें म्हणजे वाढदिवसाला गिटारीची मागणी करतें. वडील मंडळी ती हौसेनें पुरवितात. आणि पुढें तीनचार महिन्यांनीं पाहावें तों तेंच वाद्य कपाटावर धूळ खात पडलेलें दिसतें. विद्यार्थ्यास विचारावें तर तो म्हणतो, "माझ्या बोटांत कलाच नाहीं." आईबाप म्हणतात, "आरंभशूरपणा, दुसरें काय!" आमच्या मतें हे दोन्ही निकाल अन्यायाचे आहेत. दोष बहुधा बोटांचा नसतो व मनाचाही नसतो. अभ्यासाचा क्रम चुकलेला असतो. त्या क्रमाविषयीं चार शब्द लिहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्वरसंघ म्हणजे काय तें पाहूं. ज्याला कॉर्ड म्हणतात तो तीन किंवा अधिक स्वर एकाच वेळीं उमटविल्यानें होतो. षड्ज, शुद्ध गंधार व पंचम हे एकदम वाजविले कीं षड्जाचा संघ झाला. त्याच रीतीनें मध्यम, धैवत व तारषड्ज मिळून मध्यमाचा संघ होतो. आणि पंचम, निषाद व तारऋषभ मिळून पंचमाचा. आतां हे तीन संघ शेजारीं मांडून पाहा : सा, ग, प, म, ध, सा, प, नि, रे. पंडित भातखंडे यांनीं ज्या बिलावल थाटास शुद्ध स्वरांचा थाट मानिलें, त्यांतील सातही स्वर ह्यांत आले. एकही बाहेर राहिला नाहीं. म्हणून शुद्ध स्वरांत बांधलेली साधी चाल कोणत्याही स्वरावर विसांवली, तरी ह्या तिहींपैकीं एखादा संघ तिच्या साथीस उभा असतो. शाळेंत म्हटल्या जाणाऱ्या पुष्कळ समूहगीतांचें काम तेवढ्यावर भागतें. पांढरी पांच हा षड्ज धरला तर गिटारीवर ह्या तीन संघांस जी, सी आणि डी अशीं नांवें आहेत. आणि त्यांत मोकळ्या तारांचें साहाय्य असल्यामुळें ते नवशिक्याला झेपतात. गाणाराची पट्टी काळी चार असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो नांवाचा चिमटा लावावा. बोटांच्या जागांची ठेवण तीच राहते, पट्टी मात्र अर्ध्या स्वरानें चढते.

असें असतां आमचे विद्यार्थी काय करितात? मोबाईलवर आज एक धडा पाहतात, उद्यां दुसरा. सन १९७३ च्या 'यादों की बारात' ह्या चित्रपटांतील 'चुरा लिया है' ह्या गीताच्या आरंभीं भूपिंदर सिंग यांनीं वाजविलेली गिटार त्यांना पहिल्याच आठवड्यांत वाजवावयाची असते. पंधरा दिवसांत वीस संघांचीं चित्रें त्यांच्या वहींत उतरलेलीं असतात, आणि प्रत्येक संघ सुटा सुटा वाजवितांही येतो. परंतु एकावरून दुसऱ्यावर जावयाची वेळ आली कीं हात अडतो, डोळे पडद्यांवर खिळतात, आणि गाणें उभेंच राहतें. संघ ठाऊक असणें निराळें आणि संघ बदलतां येणें निराळें. वीस संघ ज्ञात असून एकही बदल न साधणारा विद्यार्थी हा शब्दकोश पाठ करून मुका राहिलेल्या मनुष्यासारखा आहे. खरी विद्या दोन संघांच्या मधल्या वाटेंत आहे, आणि नेमकी तीच वाट कोणी घोटीत नाहीं.

ही वाट कशी घोटावी याचें एक उदाहरण देतों. सी ह्या संघांत अनामिका पांचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, मधलें बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर असते. येथून जी वर जावयाचें झाल्यास अनामिका व मधलें बोट हीं दोन्ही आपली ठेवण न मोडतां एकेक तार वर सरकतात, जणूं पटावरील जोडलेल्या दोन सोंगट्याच. तर्जनी उठते आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर टेकते. हें ज्याच्या ध्यानांत आलें त्याला चार बोटें चार दिशांना शोधावीं लागत नाहींत. जी वरून डी वर जातांना मात्र असा आधार नाहीं, सर्व बोटें उचलावीं लागतात. म्हणून त्या बदलाला दुप्पट वेळ द्यावा. मिनिटाला साठ मात्रांची लय धरावी. पहिल्या मात्रेवर तारा छेडाव्या, आणि उरलेल्या तीन मात्रांत पुढील संघाची जुळवाजुळव करावी. आठवडाभर हें निर्वेध साधलें म्हणजे दोन मात्रांत बदल करावा, मग एकींत. रोज पंधरा मिनिटें पुरेत. परंतु तीं रोज हवींत. रविवारीं एकदम दोन तास बसल्यानें बोटांचीं टोंकें मात्र सोलतात. नियमानें वाजविणाराचीं टोंकें कांहीं आठवड्यांत घट्ट होतात, आणि आरंभीचें दुखणें आपोआप थांबतें.

ह्याहूनही महत्त्वाचा नियम उजव्या हाताचा आहे. डावा हात चुकला, तरी उजव्यानें थांबूं नये. पौष महिन्यांत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठीं त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या दिंड्या आपल्या शहरांतून जातांना आपण पाहतों. त्यांतील एखाद्या नवख्या टाळकऱ्याचा ठोका चुकला म्हणून तो दिंडी थांबवीत नाहीं. पुढच्या ठोक्याला मिळून जातो. साथीचा धर्म हाच आहे. साठ मुलें गात असतांना गिटारवाला बोट नीट करण्यासाठीं थबकला, तर साठ कंठ अडखळतात. त्याचा एक स्वर बसका निघाला, तर तो फारसा कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

कोणी म्हणतील, तेच तेच तीन संघ घोटणें मुलांना कंटाळवाणें होईल. होईल खरें. परंतु कंटाळ्यावांचून कोणती विद्या आजवर आली आहे? सन १९०१ मध्यें लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढणारे व उत्तरायुष्यांत आपल्या नाशकांत आश्रम करून राहिलेले पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ज्या परंपरेंतले, तींत शिष्याला बंदिशीआधीं अलंकार आणि पलटे घोटावे लागत. गोव्यांतील चर्चच्या शाळांतही हेंच होतें. तेथें लहान मुलांस स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन धरावयास नेमानें शिकवीत. त्याच भूमींतून मुंबईच्या चित्रपटसृष्टीस वादक व वाद्यवृंदरचनाकार मिळाले. माजोर्डा गांवीं सन १९२७ मध्यें जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. राहुलदेव बर्मन व प्यारेलाल यांनीं त्यांच्यापाशीं व्हायोलिनचे धडे घेतले. हिंदी चित्रगीतांत स्वरसंघांची जी समृद्धि आपण ऐकतों तिच्या मागें असला नीरस वाटणारा अभ्यास आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, हें वाद्य परकें आहे. हा आक्षेप एके काळीं हार्मोनियमवरही होता; सन १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनें तिला दूर ठेविलें होतें. आज तिच्यावांचून भजन होत नाहीं. तथापि त्या आक्षेपांत एक सत्य होतें, आणि तें गिटारीलाही लागू आहे. बांधलेल्या पडद्यांवरील गंधार हा स्वाभाविक शुद्ध गंधारापेक्षां अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्श्यानें चढा असतो, आणि पडद्यांच्या मधून जाणारी मींड संघ वाजवितांना साधत नाहीं. म्हणून कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारख्यांचीं जीं भजनें देशी रागांच्या चालींवर म्हटलीं जातात, त्यांच्या अंगावर हे तीन संघ बळेंच लादूं नयेत. तेथें षड्जपंचम हलके धरून ठेवावे व गळ्याला मोकळीक द्यावी. कोठें वाजवूं नये हें कळणें हाही साथीचाच भाग आहे.

शेवटीं एक सूचना करावीशी वाटते. स्नेहसंमेलनांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास एकट्यानें गिटार वाजवावयास उभें करण्याची चाल बंद व्हावी. त्या चार मिनिटांच्या टाळ्यांसाठीं तो तीन महिने एकच गीत कसेंबसें पाठ करतो. टाळ्या संपल्या कीं विद्याही संपते. त्याऐवजीं त्याला रोज सकाळच्या समूहगीतामागें बसवावें. तेथें तीन संघ पुरतात, चूक झांकली जाते, आणि गाणाऱ्यांना मिळून राहण्याची संवय लागते. पालकांनींही घरीं "एक गाणें वाजवून दाखव" असा आग्रह धरूं नये. मुलगा सी वरून जी वर आणि जी वरून सी वर जात असेल, तर तेंच ऐकावें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं ज्यांचीं वाद्यें कपाटावर आहेत त्यांनीं तीं आज खालीं काढावीं, तारा मिळवून घ्याव्या, आणि वीस संघांची वही मिटून तीनच संघांनिशीं वर्षभर नेमानें बसावें. तेवढ्यानें पुढच्या संमेलनांत कोणी तुमचें नांव पुकारील असें नाहीं. परंतु वर्ग गाऊं लागला म्हणजे तुम्ही त्याच्याबरोबर चालूं शकाल.